पैसा सरकारचा, भिंत कोणाची?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात सहाव्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनियर असून आपल्या समितीचे सभासद आहेत. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून त्यांनी तो लिहून दिला.)



समितीने मला दिलेला विषय होता ‘रेल्वे आणि भोपाळची मराठी माणसे’. त्यावर समोर बसलेले दोन-तीन सेवानिवृत्त ज्येष्ठ माझ्यापेक्षा कितीतरी चांगले बोलतील, म्हणून तो मी त्यांच्यासाठी सोडला आणि परवानगी घेऊन दुसराच विषय निवडला. मी आज चित्रांच्या दालनांबद्दल बोलणार आहे. डिप्लोमा केलेला, रुळांची मापे घेत फिरणारा माणूस चित्रकलेवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. त्यांनी निश्चिंत राहावे. चित्र चांगले की वाईट हे मला कळत नाही आणि मी ते सांगणारही नाही. माझा प्रश्न व्यवस्थेचा आहे. सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून, गावोगावी कलादालने चालतात. त्यांच्या भिंतीवर कोणते चित्र लागावे आणि कोणते उतरावे, हे ठरवायचे कोणी?

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी केंद्र सरकारचा नोकर आहे. आम्हाला १९६६ चे आचरण नियम लागू आहेत आणि राजकीय पक्षांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याची मुभा नाही. आजच्या विषयात त्याची अडचण येत नाही. हा रोग कोणत्याही एका पक्षाचा नाही, हे पुढे दिसेलच.

सुरुवात घरापासून करू. आपण भोपाळकर. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा १९५६ साली, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली तेव्हा, नागपूरची बिऱ्हाडे आवरून फायलींच्या पेट्यांबरोबर इथे आले. काही भेलमुळे आले, काही रेल्वेमुळे. इतकी वर्षे आपण इथे राहतो, पण पाहुणे आले की त्यांना आपण कुठे नेतो? बडा तालाब, सांची, भीमबेटका, न्यू मार्केट. भारत भवनात आपल्यापैकी किती जण गेल्या पाच वर्षांत गेले आहेत? हात वर करू नका, मी मोजणार नाही.

भारत भवन आणि मी जवळजवळ एकाच वयाचे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री अर्जुनसिंह होते. या सगळ्या कल्पनेमागे राज्याच्या संस्कृती खात्यातले सनदी अधिकारी आणि हिंदी कवी अशोक वाजपेयी होते. इमारत चार्ल्स कोरिया यांची. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून एवढे सांगतो की ती इमारत बघण्यासाठी तरी जा. श्यामला हिल्सच्या रस्त्यावरून ती जवळजवळ दिसतच नाही. तलावाकडे उतरत जाणारा डोंगरउतार त्यांनी तसाच ठेवला आणि गच्च्या, बागा, खोलगट चौक असे एकाखाली एक बसवत नेले. आपण गच्चीवर चालत असतो आणि दालन आपल्या पायाखाली असते. त्यात उजेड वरून येतो. आम्ही डोंगर दिसला की आधी तो फोडायचा कसा याचा हिशेब करतो! असो.

तिथल्या चित्रसंग्रहालयाचे नाव ‘रूपंकर’. त्याचे पहिले संचालक चित्रकार जगदीश स्वामीनाथन. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षाचे काम केलेला हा दाढीवाला माणूस काँग्रेस सरकारच्या काळात नेमला गेला, हेही नोंदवण्यासारखे आहे. स्वामीनाथन यांनी काय केले? तरुण चित्रकारांच्या तुकड्या मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागांत पाठवल्या. मंडला, झाबुआ, बस्तर. सांगितले, जा आणि तिथे लोक काय रंगवतात, काय घडवतात ते बघून या, घेऊन या. अशीच एक तुकडी १९८१ मध्ये पाटनगढ नावाच्या खेड्यात गेली. हे गाव आता दिंडोरी जिल्ह्यात आहे. तिथे एका घराच्या भिंतीवर काढलेले चित्र त्यांनी पाहिले. काढणारा मुलगा परधान गोंड, वीसेक वर्षांचा, नाव जनगढ सिंह श्याम. स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणले, काम दिले, कागद आणि रंग दिले. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. आपल्या विधान भवनाच्या भिंतीवरही त्याचे काम आहे. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा अकाली आणि फार दुःखद अंत झाला. पण त्याने सुरू केलेली पद्धत आज पाटनगढची कितीतरी कुटुंबे पुढे चालवत आहेत. त्यांतल्या भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरी गोष्ट मला त्याहून जवळची वाटते, कारण ती बांधकामाच्या जागेवरची आहे. भारत भवनाची इमारत उठत होती तेव्हा तिथे झाबुआकडून आलेल्या भिल्ल मजूर बायका रोजंदारीवर होत्या. त्यांत पिटोल गावची भूरीबाई होती. स्वामीनाथन यांनी तिला विचारले, तुमच्याकडे भिंतीवर काय काढतात, काढून दाखवशील का? ती काढू लागली. डोक्यावरचे घमेले उतरले आणि हातात ब्रश आला. २०२१ साली भूरीबाईंना पद्मश्री मिळाली. ज्या वास्तूसाठी तिने विटा-माती वाहिली, त्याच वास्तूतल्या संग्रहालयाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. मी साइटवर इतकी वर्षे काढली आहेत, शेकडो मजूर बायकांबरोबर काम केले आहे. त्यांच्या हातात काय आहे हे विचारण्याचा आमच्या कामात रकानाच नसतो.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. रूपंकरमध्ये स्वामीनाथन यांनी एका बाजूला देशातले नामवंत आधुनिक चित्रकार लावले आणि दुसऱ्या बाजूला त्याच मानाने हे आदिवासी चित्रकार. एकाच छपराखाली, दोघेही आजचे कलावंत म्हणून. ही कल्पना अधिकाऱ्यांच्या समितीपुढे मंजुरीसाठी गेली असती तर काय झाले असते? मला तरी वाटते की ‘सदर बाब हस्तशिल्प विभागाशी संबंधित असल्याने तिकडे वर्ग करावी’ असा शेरा पडला असता. ती गोष्ट घडली, कारण पैसा देणाऱ्यांनी भिंत जाणकाराच्या हाती दिली होती आणि रोज उठून त्यात डोकावले नव्हते.

पण हे सगळे टिकले किती? स्वामीनाथन १९९० पर्यंत होते. त्या वर्षी राज्यात सरकार बदलले, सुंदरलाल पटवा मुख्यमंत्री झाले. भारत भवनाच्या कारभारावरून मोठा वाद उभा राहिला आणि त्याच वर्षी स्वामीनाथन तिथून बाहेर पडले. १९९४ मध्ये ते दिल्लीत वारले. पुढे १९९३, २००३, २०१८, २०२० असे सरकार बदलत गेले आणि प्रत्येक वेळी भोपाळच्या कलावंतांच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न तोच: आता भारत भवनात कोण येणार? स्टेशनमास्तर बदलला म्हणून सिग्नलचा अर्थ बदलत नाही. इथे मात्र बदलण्याची भीती वाटते, आणि ती भीती कलावंतांनी उगाच बाळगलेली नाही.

या गोष्टीत एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक करणे सोपे आहे. मला ते करायचे नाही. मला दिसणारी खरी गोम अशी की पहिल्या आठ वर्षांतले स्वातंत्र्य हे एका मुख्यमंत्र्याच्या आणि एका सचिवाच्या मर्जीवर उभे होते. ती मर्जी चांगली होती, रसिक होती, पण मर्जीच होती. भारत भवनासाठी १९८२ मध्येच वेगळा कायदा झाला, न्यास झाला. कागदावर संस्था सरकारपासून वेगळी. तरीही विश्वस्त नेमण्याची किल्ली सरकारकडेच राहिली. किल्ली ज्याच्या हातात, कुलूप त्याचेच. चांगला माणूस खुर्चीवर होता तोवर कोणाला त्या किल्लीची आठवण झाली नाही.

आता आमच्या रेल्वेतली एक गोष्ट सांगतो. ती फारशी कोणाला माहीत नसते. आम्ही नवा मार्ग टाकतो. जमीन रेल्वेची, पैसा रेल्वेचा, रूळ, स्लीपर, खडी, माणसे सगळे रेल्वेचे. गेज १६७६ मिलिमीटर आहे की नाही ते आम्ही इंचाइंचाने पाहिलेले असते. तरीही त्या मार्गावरून प्रवासी गाडी सोडण्याचा अधिकार आम्हाला नाही. आधी रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात. ट्रॉलीवरून मार्ग बघतात, पूल बघतात, वळणे मोजतात, इंजिन पळवून बघतात, आणि मग सांगतात की गाडी सोडा, पण अमुक वेगानेच. कधी सांगतात, सोडू नका. हे आयुक्त कोणाच्या हाताखाली असतात? रेल्वे मंत्रालयाच्या? नाही. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या! विमानवाल्यांचा आणि रुळांचा काय संबंध, असे नव्या पोरांना वाटते. संबंध काहीच नाही, आणि तेवढ्यासाठीच ते तिकडे आहेत. इंग्रजांच्या काळात, १९४१ मध्ये, तपासणी करणारे अधिकारी रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढले गेले आणि तेव्हाच्या टपाल व हवाई खात्याकडे दिले गेले. जो गाड्या चालवतो त्यानेच मार्ग सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये, हे त्यामागचे कारण. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, कितीतरी रेल्वेमंत्री आले आणि गेले, पण ही घडी कोणी मोडली नाही.

यातली बारीक गंमत लक्षात घ्या. आयुक्त स्वतः रेल्वेच्या सेवेतूनच आलेले अधिकारी असतात. रूळ म्हणजे काय हे त्यांना आमच्याइतके, बहुधा आमच्याहून जास्त, कळते. म्हणजे जाणकार रेल्वेचा, पण त्याचा वरिष्ठ रेल्वेचा नाही. त्याची बदली, त्याची बढती, त्याचा गोपनीय अहवाल आमच्या साहेबांच्या हाती नाही. एवढ्या एका तरतुदीमुळे तो खरे बोलू शकतो. त्याच्या अंगी विशेष शौर्य असावे लागत नाही. कलादालनांना मला एवढेच हवे आहे. संचालक शूर असावा अशी अपेक्षा धरून संस्था चालत नाही. सामान्य हिंमतीच्या माणसालाही योग्य निर्णय घेता यावा, अशी जागा त्याला करून द्यावी लागते.

बाहेरच्या देशांनीही यावर विचार केला आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये आर्ट्स कौन्सिल स्थापन झाले. त्याचा आराखडा प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचा. कौन्सिलला सनद मिळण्याआधी काही महिने ते वारले. कल्पना अशी की पैसा संसदेने मंजूर करावा, पण तो कोणत्या नाटकमंडळीला, कोणत्या चित्रदालनाला द्यायचा हे मंत्र्याने ठरवू नये, कौन्सिलने ठरवावे. इंग्रज याला हातभर अंतराचे तत्त्व म्हणतात. आपण मराठीत चार हात लांब म्हणतो; म्हणजे आपले माप त्यांच्यापेक्षा चौपट मोठे, फक्त वापरात कमी! तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही, कौन्सिलचा अध्यक्ष सरकारच नेमते. पण एखादे चित्र मंत्र्याला आवडले नाही तर त्याला आधी ते चार हातांचे अंतर ओलांडावे लागते आणि लोकांना ते दिसते.

आणि इतके लांब कशाला जायचे? आपल्या बडोद्याचे सयाजीराव महाराज घ्या. ते काही निवडून आलेले नव्हते. राज्य त्यांचे, तिजोरी त्यांची, त्यांना अडवणारे कोणी नव्हते. बडोद्याच्या चित्रसंग्रहालयासाठी युरोपीय चित्रे घ्यायची ठरली तेव्हा निवड त्यांनी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्यावर सोपवली. पहिल्या महायुद्धामुळे ती चित्रे वर्षानुवर्षे विलायतेत अडकून पडली आणि संग्रहालय १९२१ मध्ये खुले झाले. लोकांनी निवडून न दिलेल्या राजाला जे जमले, ते निवडून दिलेल्यांना जड जावे, हे मला विचित्र वाटते.

आता अलीकडची गोष्ट, आणि ती मराठी माणसाची आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९११ साली बांधलेले सर कावसजी जहांगीर सभागृह दुरुस्त करून १९९६ मध्ये ते तिथे सुरू झाले. मूळ संस्था दिल्लीची, १९५४ ची, थेट केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाखालची. मुंबई आणि बंगळूर या शाखांना स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या होत्या. कोणाचे प्रदर्शन भरवायचे, कोणाच्या सिंहावलोकनाची वेळ आली आहे, हे त्या त्या भागातल्या जाणकारांनी सुचवायचे. मुंबईच्या समितीचे अध्यक्ष चित्रकार सुहास बहुळकर होते.

८ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथे प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे प्रदर्शन उघडले. बरवे म्हणजे ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे चित्रकार, १९९५ मध्ये गेले. त्यांनीही आयुष्याची बरीच वर्षे सरकारी नोकरीच केली होती, विणकर सेवा केंद्रात. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. आपण त्यांना नट म्हणून ओळखतो, पण ते मुळात जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार. त्यांनी बोलता बोलता विचारले की स्थानिक समित्या नोव्हेंबर २०१८ मध्ये बरखास्त झाल्या असे मला कळते, मग इथे काय लागायचे हे आता दिल्लीत ठरणार का? त्यांना मध्येच थांबवण्यात आले. प्रदर्शनापुरतेच बोला, असे पुन्हा पुन्हा सांगण्यात आले. शेवटी ते भाषण अर्धवट सोडून बसले.

संग्रहालयाच्या बाजूने नंतर सांगण्यात आले की समितीची मुदत संपली होती. असेलही. आणि न्यायाने हेही सांगायला हवे की सुधीर पटवर्धन यांचे मोठे सिंहावलोकन त्याच वर्षाअखेर त्याच इमारतीत झाले, आणि मेहली गोभाई यांचेही पुढच्या वर्षी झाले. म्हणजे आभाळ कोसळले नाही. पण मला खटकते ते वेगळेच. मुदत संपणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत असते. आमच्याकडे एका ठेक्याची मुदत मार्चमध्ये संपणार असेल तर नव्याची निविदा कितीतरी आधी निघते, नाहीतर मार्ग सांभाळणार कोण? जुनी समिती गेली आणि नवी आलेली नाही, हा जो मधला काळ असतो, त्यात निर्णय घेणे थांबत नाही. ते फक्त दुसरीकडे सरकते. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला बरवे माहीत नसतील असे मी म्हणत नाही. पण ठाण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या चित्रकाराला आपले म्हणणे घेऊन बहुळकरांच्या दारी जाता येते. दिल्लीच्या मंत्रालयात त्याला गेटपास कोण देणार?

शिवाय त्या समित्या सल्लागार होत्या. सल्लागार या शब्दाचे वजन आपण सगळेच जाणतो. रेल्वेतही प्रवाशांच्या सल्लागार समित्या असतात. बैठकीत चहा चांगला मिळतो.

मघाशी म्हणालो की हा रोग एका पक्षाचा नाही. दोन घटना शेजारी ठेवतो. मे २००७ मध्ये बडोद्याला सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत परीक्षेसाठी लावलेल्या विद्यार्थ्याच्या चित्रांवरून बाहेरचे लोक आत घुसले. विद्यार्थ्याला अटक झाली, आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. मार्च २००८ मध्ये चेन्नईला, ललित कला अकादमीच्या दालनात, औरंगजेबाच्या कारभारावरचे चित्रप्रदर्शन पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले. पहिल्या ठिकाणी भावना एका समाजाच्या, सरकार एका पक्षाचे. दुसऱ्या ठिकाणी भावना दुसऱ्यांच्या, सरकारही दुसऱ्यांचे. मी माझ्या ओळखीच्यांत पाहिले की बडोद्याबद्दल चिडणारे चेन्नईबद्दल गप्प होते, आणि चेन्नईबद्दल चिडणारे बडोद्याबद्दल. आपल्या बाजूचे चित्र उतरले तर तो जुलूम, दुसऱ्याचे उतरले तर ती जनभावना. दुकानदार दोन वह्या ठेवतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो?

हे झाले गाजलेले प्रकार. माझ्या अंदाजाने खरे नुकसान न गाजणाऱ्या मार्गाने होते. बंदी घालावीच लागत नाही. संचालकाचे पद रिक्त ठेवायचे. अतिरिक्त कार्यभार अशा अधिकाऱ्याला द्यायचा की ज्याच्याकडे आधीच तीन खाती आहेत. चित्रखरेदीचा निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोडायचा. दालन हवे म्हणणाऱ्याला ‘तारीख उपलब्ध नाही’ सांगायचे आणि त्याच तारखेला तिथे खात्याच्या योजनांचे फलक लावायचे. यातले कशावरही मोर्चा निघत नाही. सरकारी नोकरी केलेल्या प्रत्येकाला हे मार्ग पाठ आहेत. तुम्ही हसता आहात त्यावरूनच कळते.

आता आक्षेप. काल तालमीच्या वेळी आपल्यातल्याच एका काकांनी मला विचारले, “अरे, पैसा जनतेचा, मग जनतेने निवडून दिलेल्याने ठरवले तर बिघडले कुठे? तुझे ते जाणकार कोणी निवडले?” प्रश्न रास्त आहे आणि मी तो झटकणार नाही. जाणकारांचीही टोळी होते. पाच जण एकमेकांना पाठ खाजवत वर्षानुवर्षे त्याच त्याच दहा चित्रकारांना लावत बसतात. भारत भवनाच्या सुरुवातीच्या काळातही हा आक्षेप घेतला जात होता, आणि डिसेंबर १९८४ नंतरच्या भोपाळमध्ये, ज्या शहरात हजारो माणसे विषारी वायूने गेली तिथे, कलेवर पैसा कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्यांना वेडे ठरवता येत नाही.

पण काका, निवडून दिलेल्या माणसाने किती पैसा द्यायचा ते ठरवावे, आणि तो नीट खर्च झाला का हे तपासावे. तो त्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही. दवाखान्याला आमदारांच्या मंजुरीने पैसा मिळतो, म्हणून अपेंडिक्स कापायचे की नाही हे आमदार सांगत नाहीत. जाणकारांच्या टोळीवर उपाय आहे तो मुदतीचा. तीन वर्षे झाली की घरी जा, लगेच पुन्हा नेमणूक नाही. निम्मे सभासद स्थानिक कलावंतांनी सुचवलेले. बैठकीचे इतिवृत्त दाराशी लावलेले. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे लेखी आदेश. आमच्याकडे एखाद्या तुकड्यावर गाडी हळू चालवायची तरी ड्रायव्हरच्या हातात लेखी कॉशन ऑर्डर द्यावी लागते. दोन स्टेशनमास्तर फोनवर लाइन क्लिअर देतात तेव्हाही खासगी नंबर एकमेकांना सांगून वहीत लिहितात, म्हणजे उद्या कोणी ‘मी म्हणालोच नव्हतो’ म्हणू नये. चित्र उतरवायचे असेल तर कोणी सांगितले, का सांगितले, हे कागदावर येऊ द्या. निम्मे फोन तिथेच बंद होतील. सही करायची म्हटली की पुष्कळांच्या भावना शांत होतात.

शेवटी आपल्या मांडवाकडे येतो. कारण दुसऱ्यांना शहाणपणा शिकवून आपण प्रसादाला उठलो असे व्हायला नको. आपली बालचित्रकला स्पर्धा यंदा बंद पडण्याच्या बेतात आहे, कागद-रंगांचा आणि बक्षिसांचा खर्च वर्गणीतून निघत नाही. एका सद्गृहस्थांनी सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. मी नाव घेत नाही. त्यांचा हेतू वाईट आहे असे मला वाटत नाही. मात्र दोन अटी आहेत. विषय ते देणार, आणि परीक्षकांत त्यांचा एक माणूस असणार. आता ज्यांना मी अर्धा तास भारत भवन आणि केन्स ऐकवले, त्यांच्यासमोर मला माझे मत लपवता येणार नाही. देणगी घ्यावी, फलकावर नाव मोठ्या अक्षरांत लिहावे, व्यासपीठावर श्रीफळ द्यावे, बक्षिसेही त्यांच्याच हस्ते वाटावीत. विषय आणि परीक्षक आपल्याकडे ठेवावेत. ते नाही म्हणाले तर बक्षीस म्हणून एकेक रंगपेटी देऊ, ट्रॉफी नको. माझी स्वतःची वर्गणी मी दुप्पट करतो आणि कोषाध्यक्षांकडे ती आजच दिली आहे. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी विसर्जनानंतरच्या बैठकीत जरूर बोलावे. काकांनी तर बोलावेच. मी हरलो तर इतिवृत्तात माझा विरोध लिहून घ्या म्हणजे झाले.

आणि एक सूचना. विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी स्पर्धेतल्या मुलांना घेऊन भारत भवनात जायचे ठरवले आहे. सोमवारी ते बंद असते, तेव्हा रविवार चुकला की आठवडा गेला. मुलांना मी एकच काम देणार आहे: रूपंकरमध्ये जाऊन गोंड आणि भिल्ल चित्रे बघायची आणि त्यातले आवडलेले एखादे घरी येऊन आठवणीने काढायचे. पालकांनी आत ‘हे काय काढलंय’ असे मोठ्याने म्हणू नये. वेळ उरला तर जवळच जनजातीय संग्रहालय आहे, तेही पाहू. तिथे चालणे बरेच आहे, म्हणून ज्येष्ठांनी चपलांऐवजी बूट घालावेत. नावे आरतीनंतर माझ्याकडे द्यावीत; दोन मोठ्या गाड्या लागतील की तीन, ते मला उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचे आहे.